मोती, मोहरा आणि खुर्दा

नवरात्रातील नवमीस घरातील शस्त्रे काढावी, घासूनपुसून पाटावर मांडावी, त्यांस गंधफूल वाहावे आणि दुसऱ्या दिवशी शिवेपलीकडे जाऊन आपट्याचे सोने लुटावे, हा आपल्या घराघरांतला कुळाचार आहे. ज्या घरी पूर्वजांची तरवार उरली आहे तेथे ती पुजली जाते. जेथे उरली नाही तेथे कोयता, नांगराचा फाळ, सुताराची करवत, शिवणयंत्र, इतकेच काय दारातली मोटारसुद्धा झेंडूची माळ घालून उभी असते. ही पूजा पाहताना एक प्रश्न आमच्या मनात दर वर्षी डोकावतो. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी दसऱ्याचा मुहूर्त साधून जे हजारो स्वार मुलूखगिरीस निघत, त्यांच्यापैकी स्वतःच्या मालकीचे शस्त्र कितीजणांजवळ होते? ज्या घोड्याच्या कपाळी स्वाराने त्या सकाळी कुंकू लावले, तो घोडा तरी त्याचा होता काय?

प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु मध्ययुगीन लष्करात माणसाची पायरी कोणती, त्याचे वेतन किती, तो रणात किती पुढे जाईल आणि पडल्यास त्याची गणती कोण ठेवील, हे पुष्कळ अंशी या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरत असे.

दसऱ्याशी निगडित असलेली शमीची कथा वाचकांस पाठ आहे. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेविली. त्या कथेतला एक बारकावा मात्र कीर्तनाच्या ओघात बहुधा मागे पडतो. शस्त्र हातचे सुटताक्षणी ते पाचही राजपुत्र चाकरीच्या जगात उतरले. भीम मुदपाकखान्यात गेला, सहदेव गुरांमागे लागला आणि नकुल ग्रंथिक हे नाव घेऊन विराटाच्या पागेत घोड्यांची निगा राखू लागला. घोडे तेच, त्यांची विद्याही तीच. पण काल तो त्यांचा धनी होता आणि आज राखणदार झाला. पुढे शमीवरची शस्त्रे खाली आली तेव्हा त्याचे राजपुत्रपण परत आले. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत त्या स्वारांपैकी बहुतेकांच्या नशिबी असली शमी नव्हती.

मराठी फौजेतील स्वारांचे मुख्य भेद दोन, शिलेदार आणि बारगीर. सिलाह म्हणजे हत्यार. आपले हत्यार आणि आपला घोडा घेऊन जो चाकरीस येई तो शिलेदार. बारगीर शब्दही फारसीच. बार म्हणजे ओझे आणि गीर म्हणजे घेणारा; मुळात ओझ्याच्या जनावराला लागणारा हा शब्द पुढे सरकारी घोड्यावर बसणाऱ्या माणसाला चिकटला. घोडा सरकारच्या पागेचा, हत्यार सरकारचे आणि वर बसणारा केवळ आपल्या हातापायांचा मालक. ज्याच्या नावातच जनावर आणि माणूस असे एकरूप झाले त्याची समाजातली पायरी वेगळी सांगावयास नको. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात शिवकालीन वेतनाचे आकडे दिले आहेत. पायदळातील शिपायास महिना १ ते ३ होन, बारगिरास २ ते ५ होन आणि शिलेदारास ६ ते १२ होन. शिलेदाराच्या रकमेत घोड्याचा दाणावैरण आणि झीज धरलेली असे हे खरे. तरीही भीमथडीचे एखादे चांगले तट्टू दारी असणे म्हणजे शेतकऱ्याच्या पोराने एक अख्खी पायरी चढणे होते. आणि ते तट्टू लढाईत पडले की तो त्याच पायरीवरून खाली येई. नवा घोडा घेण्यास पैका नसला म्हणजे कालचा शिलेदार आज दुसऱ्याच्या पागेत बारगीर म्हणून नाव लिहवी. आजही आपण कोणाच्या वळचणीस न जाता एकट्याने झुंजणाऱ्याला एकांडा शिलेदार म्हणतो. त्या शब्दात जो मान आहे तो मुळात घोड्याच्या मालकीचा मान आहे. एकांडा बारगीर असा शब्दप्रयोग आमच्या तरी ऐकण्यात नाही.

आता छत्रपती शिवाजी महाराजांनी या भेदाचे काय केले ते पाहू. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जी बखर लिहिली तीत लष्कराची व्यवस्था सविस्तर आली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमलेदारांवर एक हजारी, अशी ती उतरंड. दर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाणी पाजणारा आणि घोड्यांस नाल मारणारा ही माणसे लढाईच्या कोणत्याही चित्रात दिसत नाहीत, पण सभासदाने ती गणली आहेत हे आम्हांस विशेष वाटते. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की महाराजांनी पागा बलवान केली आणि शिलेदारांस पागेच्या ताब्यात ठेविले. हा निर्णय साधा नव्हता. घोडा ज्याचा तो मोठा, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. मोगलाईत, आदिलशाहीत, निजामशाहीत सरदार आपले घोडे घेऊन येई, त्या बळावर जहागीर मागे आणि मनास येईल तेव्हा दुसऱ्या दरबारात जाई. महाराजांनी ही रीत उलटी केली. ज्याचे स्वतःचे काही नाही त्या बारगिराचा वचक, ज्याचे स्वतःचे आहे त्या शिलेदारावर बसविला. सरकारी घोड्यावर बसलेल्या कुणब्याच्या पोराला मागे ओढणारे वतन नव्हते. आणि घोडा पडला तर नुकसान सरकारचे, त्याच्या बायकामुलांचे नव्हे. तो निःशंक होऊन भाला चालवू शके.

सभासद सांगतो की पावसाळा सरला, दसरा आला की छावणीतून लष्करे कूच करीत. निघतेवेळी लहानथोर प्रत्येक असामीच्या जवळच्या चीजवस्तूची यादी होई. आठ महिने परमुलखात काढून फौज परत आली की पुन्हा झाडा घेतला जाई आणि जे अधिक निघे ते सरकारात जमा होई. फौजेबरोबर बायको, बटीक, कलावंतीण नेण्यास बंदी होती. वेतन रोख अथवा वरातेने मिळे. गाव लावून देण्याची चाल महाराजांनी ठेविली नव्हती. हे सारे नियम हजाऱ्यापासून बारगिरापर्यंत सर्वांस होते. दसऱ्याला आपण पाने लुटतो आणि त्यांस सोने म्हणतो. त्या दसऱ्याला निघालेल्या स्वाराला खरे सोने हाती आले तरी ते आपले म्हणता येत नव्हते!

उच्चनीचता यामुळे नाहीशी झाली असे आम्ही म्हणणार नाही. घोडदळातील जुमलेदारास सालीना ५०० होन आणि पायदळातील जुमलेदारास १०० होन, हा फरक सभासदाच्याच बखरीत आहे. घोडा आणि पाय यांतले अंतर शिवशाहीतही कायम होते, आणि मावळ्यांच्या ज्या पायदळाने गड घेतले, गड राखले ते वेतनाच्या हिशेबात खालीच राहिले. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे समान दर्जाचे अधिकारी असत. कारखानिसासह त्यांच्या नेमणुका निरनिराळ्या जातींतून होत, म्हणजे एकाच जातीच्या हाती किल्ला जाऊ नये. परंतु तटाच्या खाली, घेऱ्यात आणि मेटांवर, रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसणारे रामोशी, महार, मांग, कोळी यांस त्या तिघांच्या पंगतीस बसावयास मिळत नव्हते. शत्रूची चाहूल प्रथम त्यांस लागे आणि शत्रूचा वारही प्रथम त्यांच्यावरच येई. त्यांस राखणीबद्दल जमिनी होत्या. शंभर-दीडशे वर्षांनी राज्ये गेली तरी गडकरी या जमिनींस जीव लावून होते, इतका की १८४४ साली कोल्हापूर प्रांतात त्यांच्या जमिनींच्या व्यवस्थेत हात घातला गेला तेव्हा सामानगड आणि भुदरगड येथील गडकरी शस्त्र घेऊन उठले.

लष्कराच्या या उतरंडीच्या अगदी तळाशी असलेला माणूस तर लष्करात नव्हताच. तो होता शेतात. घोडा खातो ते गवत त्याने कापलेले, स्वार खातो ती भाकरी त्याने पिकविलेली. चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणीस असलेल्या जुमलेदार-हवालदारांस महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की दाणा, गवत आत्ताच वाटेल तसे उधळाल तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारिले असे होईल. मग तुम्ही रयतेस उपद्रव द्याल, तिच्या भाजीच्या देठाला हात घालाल आणि तिला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. गवताच्या गंजीजवळ कोणी चिलीम ओढील, जळती वात उंदीर ओढून नेईल, इतक्या बारीक गोष्टींची काळजी त्या पत्रात आहे. आम्ही हे पत्र जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा वाटते की राज्याभिषेकाच्या वैभवाइतकाच त्या उंदराचा उल्लेखही राजाची ओळख पटवितो. घोड्याचे पोट भरणे म्हणजे कोणाचे तरी पोट रिकामे करणे, हे युद्धाचे गणित त्या राजाने पुरते ओळखले होते.

खालचा माणूस वर येतच नव्हता काय? येत होता. अफजलखानाच्या भेटीच्या वेळी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, महाराजांवर उगारलेला सय्यद बंडाचा वार ज्याने निष्फळ केला तो जिवा महाला नाभिक समाजातला. त्या युद्धानंतर जखमींस जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत बक्षीस दिले गेले; जे पडले त्यांच्या मुलांस चाकरीत घेतले आणि ज्यांस मुले नव्हती त्यांच्या बायकांस निम्मे वेतन चालविले. पुढच्या वर्षी, जुलै १६६० मध्ये, घोडखिंडीत बाजीप्रभूंबरोबर बांदलांचे मावळे पडले. त्यानंतर दरबारातील पहिल्या पानाचा मान, जो तोवर कान्होजी जेधे यांच्या घराण्याकडे होता, तो महाराजांनी जेध्यांच्या संमतीने बांदलांस दिला, असे सांगतात. मान घराण्यास मिळाला हे योग्यच झाले. खिंडीत जे शेकडो देह पडले त्यांची नावे शोधू गेल्यास बोटे मोजण्याइतकीही हाती लागत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

अठराव्या शतकात तर खालून वर येण्याच्या कथा अधिक ठळक दिसतात. १६९३ साली धनगर घराण्यात जन्मलेले मल्हारराव होळकर लहानपणी खानदेशात तळोद्यास मामाकडे मेंढरे राखीत होते. मामाच्या पथकात ते स्वार झाले, पुढे बाजीरावांच्या नजरेत भरले आणि माळव्याचे सुभेदार होऊन बसले. कण्हेरखेडच्या शिंद्यांची गोष्ट तर आपल्याकडे आजीच्या तोंडूनही ऐकावयास मिळते. राणोजी शिंदे आरंभी पेशव्यांचे जोडे सांभाळीत अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, त्यांचे पुत्र महादजी १७९२ साली बादशहाकडून पेशव्यांस मिळालेले वकील-इ-मुतलकीचे वैभव घेऊन पुण्यास आले तेव्हा त्यांनी काखेतून नवे जोडे काढून सवाई माधवरावांच्या पायी घातले आणि हे आपल्या वडिलांचे काम असे सांगितले, अशी नोंद इतिहासकारांनी केली आहे. दिल्लीचा बादशहा ज्यांच्या मुठीत होता त्या महादजींनी स्वतःस पाटील म्हणवून घ्यावे यात विनय किती आणि राजकारण किती, याचा निवाडा आम्ही करीत नाही. आपण कोठून आलो हे दरबार विसरलेला नाही, एवढे ते पक्के जाणून होते.

मात्र अशा चार घराण्यांच्या उत्कर्षाने सामान्य स्वाराची स्थिती पालटली असे समजण्याचे कारण नाही. उलट महाराजांनी मोडलेली रीत राजाराम महाराजांच्या संकटकाळात पुन्हा सुरू झाली. खजिन्यात पैका नाही आणि औरंगजेब तर दारात बसलेला, अशा वेळी सरंजामाच्या आशेवाचून सरदार उभे राहीनात. त्या निर्णयास दोष देणे सोपे आहे. त्यावाचून राज्य वाचते ना, असे आम्हांस वाटते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की पागा मागे पडून शिलेदारीचे माहात्म्य वाढले. पेशव्यांच्या पदरी राहिलेल्या विल्यम हेन्री टोन या आयरिश अधिकाऱ्याने १७९८ च्या सुमारास मराठी फौजेवर जे लिहिले त्यात या व्यवस्थेचे मर्म पकडले आहे. घोडा हीच ज्याची सारी जिंदगी, आणि तो पडल्यास भरपाई नाही, तो स्वार घोडा जपून लढतो, असा त्याचा अभिप्राय. परक्याने केलेले हे निदान वाचून आपणांस राग येईल. पण क्षणभर त्या स्वाराच्या जागी उभे राहून पाहावे. त्याच्या मांडीखाली जे होते ते गावाकडील त्याचे शेत होते, मुलीचे लग्न होते आणि म्हातारपणही होते. तो भ्याला असेल तर त्या सर्वांसाठी भ्याला. ज्या बारगिराजवळ गमावण्यास काही नव्हते तो पुढे जाई. त्या मुलूखगिरीतून त्याच्या घरी मात्र वेतनाखेरीज फारसे काही येत नव्हते. यांच्याही खाली पेंढारी. त्यांस वेतन मुळीच नव्हते. लूट हीच त्यांची चाकरी आणि तीत सरकारचा वाटा काढून द्यावा लागे. त्यांच्या क्रौर्याच्या कहाण्या पुष्कळांनी लिहिल्या. त्या वाटेकरी सरकारविषयी मात्र तितकेसे लिहिले गेले नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले ते मराठी माणसाच्या जिभेवर अजून आहे. त्या रणात लढणाऱ्यांहून न लढणारे कितीतरी अधिक होते. यात्रेकरू, बायकामुले, दुकानदार, बुणगे, मोतद्दार, सईस, अशी मोठी गर्दी तेथे होती. पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांस नर्मदेच्या बाजूस कळली ती सावकारांच्या एका सांकेतिक पत्रातून. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, अशा अर्थाचे ते पत्र होते. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. रुपये आणि खुर्दा म्हणजे शिलेदार, बारगीर, पायचे लोक, पखालजी, नालबंद, ओझेकरी. सावकाराने ही परिभाषा मुद्दाम निर्दयपणे वापरली असे नव्हे. पत्र वाटेत दुसऱ्याच्या हाती पडले तरी कळू नये म्हणून त्याने आपल्या रोजच्या व्यवहारातले शब्द घेतले. पण त्या घाईत साऱ्या युगाची जमाखर्चाची रीत त्याच्या लेखणीतून उतरून गेली. पेशव्यांनी ते पत्र वाचताच अर्थ ओळखला. कोण मोती आणि कोण खुर्दा, हे कोणास समजावून सांगावे लागले नाही.

त्या खुर्द्याची गणती कोठेच झाली नाही काय, असा विचार करता आम्हांस गावोगावचे वीरगळ आठवतात. यादव-शिलाहारांच्या काळापासून, आणि त्याही पूर्वीपासून, महाराष्ट्रात हे दगड उभे केले गेले. खालच्या चौकटीत लढाई, तिच्यावर त्या वीरास अप्सरा वर नेत आहेत असा देखावा, सर्वांत वर तो कैलासी शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि माथ्यावर कलश किंवा चंद्रसूर्य. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. मोठ्या माणसाचा वीरगळ असेल तर घोडा असतो, क्वचित छत्र असते, क्वचित लेखही. परंतु गावाच्या वेशीवर उभे असलेले असंख्य वीरगळ पायी लढणाऱ्यांचे आहेत. हातात ढाल आणि आखूड तरवार, समोर दोन-तीन शत्रू, आणि पुष्कळदा खाली गायींची रांग. गावची गुरे कोणी वळवून नेली, हा धावला आणि पडला, एवढेच त्याचे चरित्र. बहुतेकांवर नाव नाही. राजाच्या दप्तरात तो कधी नव्हता. गावाने मात्र वर्गणी काढून पाथरवटाकडून दगड घडविला आणि त्यास थेट शिवाच्या शेजारी बसविले.

विराटाच्या नगरीवर कौरव आले तेही गायी वळविण्यासाठीच. शमीवरून गांडीव उतरले ते त्याच प्रसंगी. मात्र अर्जुन रथावर चढण्यापूर्वी गुराखी मार खाऊन बसले होते, आणि त्यांचा मुख्य धापा टाकीत नगरात बातमी घेऊन आला होता. महाभारतासारख्या नावांच्या महासागरात त्या माणसाला केवळ गवाध्यक्ष म्हटले आहे.

आमच्या पाहण्यातील एका लहान गावी सीमोल्लंघनाची मिरवणूक वेशीबाहेरच्या आपट्याशी थांबते. तेथे अर्धे जमिनीत गेलेले तीन वीरगळ आहेत. शेंदराने त्यांची शिल्पे इतकी बुजली आहेत की आत वीर आहे हे बोटाने चाचपल्याखेरीज कळत नाही. गावकरी त्यांस नुसते देव म्हणतात. पूजा झाली की पाटील, गुरव, शाळेतली मुले, मोटारीने शहरातून आलेले चाकरमाने असे सर्व जण आपट्याची पाने तोडतात. एकमेकांस देण्यापूर्वी प्रत्येक जण एक पान त्या तीन दगडांपाशी ठेवतो. गेल्या दसऱ्याला आम्हीही ठेविले. आमच्यापुढे उभी असलेली एक म्हातारी दगडावरचा शेंदूर पदराने पुसून आत काय आहे ते नातवाला दाखवीत होती, आणि नातू विचारीत होता, "आजी, ह्याचा घोडा कुठाय?"